तुकडा कुणाचा, गाणं कुणाचं?

न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सात कैदी एकत्र गायचे. त्यांच्या चमूचं नाव ‘द एस्कॉर्ट्स’. जॉर्ज कर नावाच्या निर्मात्याने त्यांचं गाणं ऐकलं, खटपट करून तुरुंगातच त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि १९७३ साली त्यांची तबकडी निघाली. काही दिवस ती वाजली. पुढे हजारो तबकड्यांचं होतं तेच तिचंही झालं. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, धूळ खात पडून राहिली.

तीसेक वर्षांनी डेट्रॉइटच्या एका तरुणाने एस्कॉर्ट्सचं एक गाणं हातात घेतलं. ‘तू रडलीस तर मला बघवत नाही’ अशा अर्थाचं ते प्रेमगीत. त्यातून त्याने ‘डोन्ट क्राय’ नावाचा जेमतेम दोन मिनिटांचा एक तुकडा बनवला. सुरुवातीला तो मूळ गाणं जवळजवळ जसंच्या तसं वाजू देतो. व्हायोलिन, कोरस, सगळं आपल्या जागी. मग सुरी चालते. अर्धा शब्द, एक श्वास, व्हायोलिनच्या सुराचं टोक, ड्रमचा एक ठोका, असे बारीक बारीक काप करून तो ते उलटसुलट क्रमाने पुन्हा जोडतो. आता शब्द कळत नाहीत. कळतात ते फक्त हुंदके. ‘रडू नकोस’ म्हणणारं गाणं आपल्यासमोर रडायला लागतं.

त्या तरुणाचं नाव जेम्स ड्युइट यान्सी. जग त्याला जे डिला म्हणून ओळखतं.

मी काही वर्षं तबला शिकलो आहे. हात फार चालला नाही, पण कान तयार झाला. डिलाचं काम पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, फाइल बिघडली आहे. ठेका लंगडत होता. तरीही मान डोलत होती, आणि ते का हे मला सांगता येईना. म्हणून एकदा धीर करून ते सरांना ऐकवलं. सरांनी हेडफोन लावले, डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी ताल धरला. मिनिटभराने म्हणाले, ‘कोण रे हा? टाळी केसभर आधी पडतेय. पण दर वेळी तेवढीच आधी. चुकणारा माणूस दर वेळी तेवढंच चुकत नाही.’

सरांनी एका मिनिटात ओळखलं ते अमेरिकेच्या न्यायालयांना अजून ओळखता आलेलं नाही, असं माझं मत आहे. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, घेऊन नवं काही रचणं ही रचना आहे. कायद्याने तिला रचना म्हणून वागवलं पाहिजे आणि तिच्या मोबदल्याचा न्याय्य हिशेब घालून दिला पाहिजे. आज कायदा हिला चोरी म्हणतो, आणि चोरीच्या नावाखाली जो दंड वसूल होतो तो बहुतेक वेळा ज्याचा माल गेला त्याला मिळतच नाही.

डिलाचा जन्म ७ फेब्रुवारी १९७४ चा. डेट्रॉइटच्या कोनंट गार्डन्स या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वस्तीत तो वाढला. वडील बास वाजवायचे, आई मॉरीन यांनी ऑपेराच्या गायनाचं शिक्षण घेतलं होतं. घरात तबकड्यांना तोटा नव्हता. कॅसेट डेकवर पॉजचं बटण दाबत, सोडत पोराने तुकडे जोडायला सुरुवात केली. त्याच वस्तीत अँप फिडलर हा कीबोर्डवादक राहायचा. फंक संगीतातला बडा माणूस जॉर्ज क्लिंटन, त्याच्या बँडमध्ये वाजवून आलेला मोठा कलावंत. त्याने आपल्या तळघरात या मुलाला एमपीसी हे यंत्र शिकवलं. रॉजर लिन याने घडवलेलं हे यंत्र दिसायला जाडजूड टाइपरायटरसारखं असतं आणि त्यावर रबराच्या सोळा चौकोनी गाद्या असतात. एकेका गादीवर आवाजाचा एकेक काप ठेवायचा आणि बोटाने वाजवायचा. हात इकडेतिकडे झाला तरी यंत्र प्रत्येक ठोका आपोआप नेमक्या जागी ओढून बसवतं, म्हणून लोक ते विकत घेत. डिलाने ही सोय जिथे नको तिथे बंद केली.

एमपीसी एका मात्रेचे ९६ भाग करतं. डिला स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा ठोका त्यातले काही भाग अलीकडे सरकवायचा, हाय-हॅट ही झांजांची जोडी सरळ चालू ठेवायचा नाहीतर झुलती ठेवायचा, आणि किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा खर्जातला ठोका, हाताने सुटी वाजवायचा. एकाच ठेक्यात दोन चाली. एक सरळ, दुसरी डुलणारी, आणि दोन्ही एकमेकींना खेचताहेत. आपल्या तालशास्त्रात समेच्या मागेपुढे आघात करण्याला अतीत आणि अनागत असे शब्द आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या जाणकाराला यात परकं काही वाटू नये. पण यंत्रावर हे कुणी केलं नव्हतं. द रूट्स या हिप-हॉप बँडचा ड्रमर क्वेस्टलव्ह सांगतो, त्याने पहिल्यांदा डिलाची किक ऐकली तेव्हा दारू प्यालेलं तीन वर्षांचं पोर ड्रम बडवतंय असं त्याला वाटलं. मग तोच क्वेस्टलव्ह आयुष्यभर शिकलेली अचूकता बाजूला ठेवून तसं वाजवायला शिकला. डीअँजेलो या गायकाचा २००० सालचा ‘वूडू’ हा अल्बम त्या चालीवर उभा आहे. आज रॉबर्ट ग्लास्परसारख्या जाझ वादकांच्या हातांतही ती चाल आहे. यंत्राच्या गादीवर जन्मलेली लय माणसांनी वाद्यांवर उतरवली. चोरीच्या मालातून असं काही निपजतं का, हा माझा साधा प्रश्न आहे.

कामाचा पसारा मोठा होता. बाटिन आणि टी-थ्री या दोस्तांबरोबर ‘स्लम व्हिलेज’ हा गट काढला, त्यात तो रॅपही करायचा. द फारसाइड, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, कॉमन, एरिका बाडू अशा कितीतरी जणांसाठी बीट, म्हणजे गाण्याखाली वाजणारं संगीत, बनवले. बाडू त्याच्या तळघरातल्या स्टुडिओत गेली तेव्हा त्याने तिला आधी तबकड्यांच्या रांगांपुढे उभं केलं आणि एक निवड म्हणून सांगितलं. तिने काढलेली तबकडी ‘टारिका ब्लू’ या फारशा कुणाला माहीत नसलेल्या जाझ गटाची निघाली. तिच्यातून ‘डिडन्ट चा नो’ हे गाणं झालं. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण या कामाची सुरुवात ऐकण्यापासून होते हे त्यात दिसतं. हजारो तबकड्या ऐकायच्या, विसरलेल्या माणसांना ऐकायचं आणि त्यांच्या एखाद्या सुरात दुसऱ्या कुणाला न दिसलेलं काही दिसायला हवं. संगीताच्या इतिहासाचा एवढा कसून अभ्यास करणारे लोक विद्यापीठांतही थोडेच सापडतील.

आता डेट्रॉइटची दुसरी गोष्ट. ‘मोटाउन’ ही कंपनी याच शहरात १९५९ साली सुरू झाली. तिच्या गाजलेल्या गाण्यांमागे ‘फंक ब्रदर्स’ म्हणून ओळखले जाणारे वादक होते. जेम्स जेमर्सनचा बास आजही जगभर विद्यार्थी सुरासुराने गिरवतात. पण या वादकांना गाण्यामागे ठरलेलं मानधन मिळे आणि तबकडीवर नावही छापत नसत. मोटाउनच्या मोठ्या अल्बमवर त्यांची नावं पहिल्यांदा आली ती १९७१ साली, मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. पुढच्याच वर्षी कंपनी बिऱ्हाड उचलून लॉस एंजेलिसला गेली. वादक मागे राहिले. तेव्हा सॅम्पलने मूळ कलावंतावर अन्याय होतो असं कुणी म्हणतं, तेव्हा तो अन्याय सॅम्पलच्या वीस-पंचवीस वर्षं आधीच करारपत्रावर होऊन गेला होता, एवढं तरी लक्षात ठेवावं.

कायद्याची वाट १९९१ साली ठरली. बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा पियानो उचलला होता. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालाची सुरुवात बायबलच्या आज्ञेने केली, ‘तू चोरी करू नकोस’, आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलांकडे धाडलं. त्या दिवसापासून प्रत्येक कापासाठी वकील लागू लागला. डे ला सोल या गटाने १९८९ साली डझनावारी आवाजांच्या तुकड्यांतून एक आनंदी, रंगीत दुनिया उभी केली होती. परवानग्यांच्या गुंत्यामुळे त्यांचं ते सुरुवातीचं काम इंटरनेटवर रीतसर ऐकायला मिळायला मार्च २०२३ उजाडला. गटाचा एक सदस्य, ट्रूगॉय, त्याच्या काही आठवडे आधीच वारला होता.

पण ज्या निकालाने मी अस्वस्थ होतो तो २००५ चा. जॉर्ज क्लिंटनच्या ‘फंकाडेलिक’ बँडच्या एका गाण्यातला गिटारचा दोन सेकंदांचा तुकडा, तीन सुरांचा, एनडब्ल्यूए या रॅप गटाने सूर खाली उतरवून वापरला होता. मूळ गाणं ओळखू येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी सिनसिनाटीच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका, आणि यामुळे सर्जनशीलतेची काही विशेष गळचेपी होते असं आम्हाला वाटत नाही. किती घेतलं, ते ओळखू येतं का, हे बघायचंच नाही. टेपला हात लावलात की गुन्हा. लेखक दुसऱ्याची ओळ उद्धृत करतो, चित्रकार वर्तमानपत्राचे तुकडे कॅनव्हासवर चिकटवतो, तिथे कायदा किती घेतलं ते विचारतो. ध्वनीच्या बाबतीत मात्र विचारायचंच नाही असं ठरलं. या न्यायालयाच्या हद्दीत मिशिगन येतं, म्हणजे डेट्रॉइटही. निकाल पक्का झाला त्याच वर्षी डिला ‘डोनट्स’ या अल्बमवर काम करत होता, ‘डोन्ट क्राय’ त्यातलंच. पुढे २०१६ साली कॅलिफोर्नियाच्या बाजूच्या अपील न्यायालयाने मॅडोनाच्या खटल्यात उलटा कौल दिला. ०.२३ सेकंदाचा पितळी वाद्यांचा फटकारा नगण्य आहे, म्हणून गुन्हा नाही. म्हणजे आज एकच काप एका राज्यात कला आणि दुसऱ्या राज्यात चोरी ठरू शकतो.

आणि त्या दोन सेकंदांचे पैसे कुणाला? खटला क्लिंटनने भरलेला नव्हता. तो भरला होता ब्रिजपोर्ट या कंपनीने, जिच्याकडे त्याच्या गाण्यांचे हक्क होते. याच कंपनीने २००१ साली सुमारे आठशे जणांना एका फटक्यात कोर्टात खेचलं होतं. स्वतः क्लिंटन आपल्याच गाण्यांच्या हक्कांसाठी याच कंपनीशी वर्षानुवर्षं भांडत होता. ज्याच्या बँडमधल्या माणसाने डिलाला यंत्र शिकवलं, त्या बँडच्या सुरांवर पहारा होता तिसऱ्याच कुणाचा.

आपल्याला हे ऐकून नवल वाटायला नको, कारण या भांडणात लता मंगेशकरांचा आवाजही सापडलेला आहे. ‘ज्योति’ या १९८१ च्या चित्रपटात बप्पी लाहिरींच्या संगीतात त्यांनी ‘थोडा रेशम लगता है’ गायलं होतं. लॉस एंजेलिसचा रॅपर आणि निर्माता डीजे क्विक याने २००२ साली त्यातला मोठा भाग ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ गाण्यात बिनपरवाना घातला. गाणं तिकडे तुफान गाजलं. लाहिरी कोर्टात गेले आणि २००३ च्या सुरुवातीला कोर्टाने हुकूम दिला की लाहिरींचं नाव घातल्याशिवाय तबकडी विकायची नाही. इथवर ऐकून आपल्याला बरं वाटतं. पण खटला पुढे चालला तेव्हा निघालं की चालीचे हक्क लाहिरींकडे नव्हतेच. चाल निर्मात्यासाठी केलेली होती आणि हक्क तिथून संगीत कंपनीकडे गेलेले होते. चाल ज्याने बांधली तो मालक नाही. जिच्या गळ्यातून ते गाणं आलं ती तर त्या हिशेबात कुठेच नाही. क्विकने नाव न देता गाणं उचललं ही चूकच होती, तिचं समर्थन मी करणार नाही. पण त्याने सगळे पैसे रीतसर भरले असते तरी ते या दोघांच्या हाती किती पडले असते? भारतात २०१२ च्या कायदादुरुस्तीने संगीतकार आणि गीतकारांची रॉयल्टी करारात लिहून काढून घेण्याला बंदी केली. गायकांनाही रॉयल्टीचा हक्क दिला. एवढं व्हायला शतकभराचं ध्वनिमुद्रण लोटावं लागलं.

तोडगा नवा शोधायचीही गरज नाही. १९०९ साली अमेरिकेत आपोआप वाजणाऱ्या पियानोचं वेड होतं. छिद्रं पाडलेला कागदी रोल त्यात घातला की पियानो वाजायचा. एकच कंपनी सगळ्या गाण्यांचे हक्क घेऊन बसेल या भीतीने काँग्रेसने नियम केला की गाणं एकदा बाजारात आलं की ठरलेले दोन सेंट भरून कुणीही त्याचा रोल काढावा, परवानगी मागायला नको. हाच नियम आजवर चालत आला आहे. म्हणून कुणाचंही गाणं दुसऱ्याने पुन्हा गाऊन विकलं तर मूळ रचनाकाराला ठरलेला दर मिळतो, ‘नाही’ म्हणता येत नाही. शंभर टक्के गाणं घेणाऱ्याला जी मुभा आहे ती दोन सेकंद घेणाऱ्याला नाही. यात न्याय कुठे आहे, मला खरंच सापडत नाही.

सॅम्पललाही असाच दर ठरवावा, किती सेकंद घेतले आणि नव्या गाण्यात ते किती ठळक आहेत त्यावरून. पूर्ण ध्रुवपद उचलून त्यावर नुसतं बोलणाऱ्याने भरपूर भरावं. तसं उचलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या आळसाला डिलाच्या नावाचा आडोसा मिळू नये. काप ओळखू येणार नाही इतका बदलला असेल तर नाममात्र दर असावा. पैशांची वाटणीही तिकडच्याच कायद्यात तयार आहे. इंटरनेट आणि उपग्रह रेडिओवर गाणं वाजलं की अर्धी रक्कम ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलावंताला आणि ५ टक्के साथीच्या वादक-गायकांना जाते. सॅम्पलच्या पैशांना हीच वाटणी लावावी, आणि नाव देणं सक्तीचं करावं.

यावर एक आक्षेप मी मनापासून मानतो. आवाज ही वस्तू नाही. कुणाचा आवाज त्याच्या श्रद्धेविरुद्ध, एखाद्या गलिच्छ किंवा द्वेषाच्या गाण्यात वापरला गेला तर ठरलेल्या दराने त्याची भरपाई होत नाही. म्हणून हयात कलावंताला अशा वापराला हरकत घेण्याचा हक्क असायलाच हवा. पण तो हक्क गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा असावा, ज्याच्या कपाटात करार आहे त्याचा नको.

डिलाला २००२ मध्ये रक्ताचा दुर्मीळ आजार असल्याचं निदान झालं, पुढे ल्यूपस हा रोगप्रतिकारशक्तीचा आजारही जडला. ज्या अल्बमवर तो स्वतः रॅपर म्हणून उभा राहणार होता तो त्याच सुमाराला मोठ्या कंपनीकडे अडकून पडला. तो बाहेर आला २०१६ साली. २००४ मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला. आई डेट्रॉइट सोडून सोबत राहायला आली. बोटं सुजून वळेनाशी झाली की ती चोळून द्यायची, म्हणजे त्याला काम करता येईल. ‘डोनट्स’ पूर्ण रुग्णालयातल्या पलंगावर झाला ही आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. नंतरच्या संशोधनातून दिसतं की बराचसा भाग त्याने घरीच बनवला होता आणि तो काढणाऱ्या कंपनीच्या जेफ जँकने तो वाढवून अल्बमच्या लांबीचा केला. मला हे खरं रूप जास्त भावतं, कारण त्यात मरणाच्या छायेपेक्षा रोजचं काम दिसतं. ३१ तुकड्यांचा तो अल्बम ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला. तीन दिवसांनी तो घरी वारला.

मागे कराचं मोठं देणं राहिलं. त्याच्या बीट्सचा हिशेब कोर्टात गेला. कोण काय वापरतंय, कुणी परवानगी घेतली, यावरून मालमत्तेचे कार्यवाह आणि आई यांच्यात वर्षानुवर्षं बेबनाव चालला. तुकड्यांतून उभं राहिलेलं काम, आणि आता त्याच्याही तुकड्यांवर मालकीच्या पाट्या. २००९ साली लॉस एंजेलिसला मिगेल अ‍ॅटवुड-फर्ग्युसन याने मोठ्या वाद्यवृंदासाठी डिलाच्या रचना स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘स्वीट फॉर मा ड्यूक्स’ या नावाने सादर केल्या. मा ड्यूक्स म्हणजे त्याची आई. समोर कागद ठेवून व्हायोलिन वाजवणाऱ्यांनी त्या दिवशी जे वाजवलं त्याला रचनेशिवाय दुसरं काही नाव देता येणार नाही.

त्याचं एमपीसी आता वॉशिंग्टनमध्ये, आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात काचेमागे ठेवलेलं आहे. एस्कॉर्ट्सचं मूळ गाणं मी डिलामुळेच शोधलं आणि आता ते माझ्याकडे कधी कधी त्याच्या तुकड्यापेक्षाही जास्त वाजतं. ‘डोन्ट क्राय’ लावलं की पडद्यावर कलाकार म्हणून एकच नाव येतं. त्याच्या खाली आणखी सात नावं मावतील एवढी जागा आहे.